बुढी कशी हाये?

मूर्तिजापूरहून अकोल्याच्या शाळेत जाताना नदीवरच्या जुन्या पुलापाशी मला रोज थांबावं लागायचं. अर्ध्या पुलावर दुरुस्ती, उरलेल्या अर्ध्यावरून ट्रकांची रांग. उशीर व्हायचा, म्हणून मी चिडलेलाच असायचो. तिथेच तो भेटायचा. पुलाखाली जॅक लावून स्लॅब केसभर उचलायचा आणि झिजलेल्या रबरी गाद्या बदलायच्या, हे त्याचं काम. नाव मी कधी विचारलं नाही. जड गाडी आली की तो बोलता बोलता थांबायचा, कठड्यावर तळहात टेकायचा आणि गाडी पार झाल्यावरच राहिलेलं वाक्य पुरं करायचा.

पुलाला तो ‘बुढी’ म्हणायचा. आमच्याकडे घरोघरी म्हाताऱ्या आईला म्हणतात तसं.

“भाऊ, बुढी कशी हाये?” मी गाडीवरूनच विचारायचो.

“खोकलून राह्यली, पन उभी हाये.”

मध्ये पंधरा दिवस तो दिसला नाही. मग एका सकाळी दिसला, आणि मी सवयीने तेच विचारलं.

“गेली, मास्तर.”

मी पुलाकडे बघून हसलो. “काहून थट्टा करता? उभी तं हाये!”

त्याने हेल्मेट काढलं. डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

“घरून फोन आला तवा स्लॅब जॅकवर होता. वरून गाड्या चालू. हिले तशी सोडून कसा जाऊ? मी पोचलो तवा...”

कापसाच्या गाठींचा ट्रक आला. त्याने कठड्यावर तळहात टेकला. ट्रक पार झाला, त्याच्यामागची एसटीही गेली. वाक्य त्याने पुरं केलं नाही.