कापलेली तिसरी पिन

तर काल आपण तिथवर आलो होतो, की वायरमनने सभागृहाचा मेन स्विच खाडकन खाली ओढला, त्याला कुलूप ठोकलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. पाचचा कार्यक्रम, दाराबाहेर माणसं जमू लागलेली, आणि आत मिट्ट काळोख. व्यवस्थापक टॉर्च घेऊन धडपडत आला, तर हा गडी रंगमंचावर उभा. एका हातात प्लग, आणि तोंडाचा पट्टा असा सुटलेला, की त्यातलं निम्मंही कागदावर उतरण्याजोगं नव्हतं.

एरवी माणूस लोण्यासारखा मऊ. चाळीस वर्षं त्या सभागृहाची वीज त्याच्याच हाताखाली. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं काम तो शिपायावर सोडत नसे, स्वतः बादली उचलायचा. आजारी व्याह्यांना भेटायला गेला, तरी आधी वाकून पलंगामागचा सॉकेट बघणार, मग तब्येत विचारणार. म्हणून लोक त्याला ‘तीनपिने’ म्हणायचे, आणि बायको म्हणायची, ह्यांना माणसाच्या आधी भिंत दिसते.

त्या दिवशी गाणार होती त्याची भाची, बहिणीची एकुलती एक. गिटार वाजवायची आणि स्वतःच गायची. आवाजाची व्यवस्था होती धाकट्या भावाकडे, म्हणजे एका मामाची वीज, दुसऱ्या मामाचा आवाज. दुपारी तालीम चालू असताना पोरगी दोनदा माईकपासून मागे झाली. तिसऱ्यांदा मात्र ओठ चोळत म्हणाली, “मामा, हा माईक चावतोय.”

धाकटा हसला. पहिला मोठा कार्यक्रम, घाबरली आहेस, म्हणाला. थोरल्याला हसू आलं नाही. त्याने खिशातून मीटर काढला, एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माईकच्या जाळीला लावलं. काटा एकशे सहा व्होल्टवर जाऊन थांबला. मग गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पची वायर हाताने चाचपत तो सॉकेटपर्यंत गेला, प्लग उपसला, आणि बघतो तर तिसरी पिन मुळापासून छाटलेली. पकडीची खूणसुद्धा ताजी.

अ‍ॅम्पच्या आत थोडी वीज पाझरून पत्र्यावर येते. तिसरी पिन असली, की ती निमूट जमिनीत निघून जाते. नसली, की पत्र्यावरून गिटारच्या तारांवर आणि तारांवरून बोटांवर येऊन बसते. ओठ माईकला टेकला, की तिला वाट मिळते. नुसता पाझर आहे तोवर मुंग्या येतात. आतली एखादी वायर सुटून पत्र्याला चिकटली, तर मुंग्यांवर भागत नाही.

धाकट्याने खुशाल कबूल केलं. पिन ठेवली तर स्पीकरमधून घूं घूं येतं, कापली की बंद होतं, सगळे साउंडवाले हेच करतात, पंधरा वर्षांत कुणाचा केस वाकडा झालेला नाही. थोरल्याने प्लग पुन्हा सॉकेटात खुपसला, गिटार भावापुढे धरली आणि म्हणाला, “घे. तारा धर आणि माईकला ओठ लाव.”

धाकट्याचा हात अर्धा पुढे आला आणि तिथेच थिजला.

बस, एवढंच बघायचं होतं. म्हणजे ठाऊक होतं. ठाऊक असून भाचीला उभं केलं होतं. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, त्याने प्लग पुन्हा उपसून हातात घेतला, आणि त्यापुढेच काल सांगितलेला तो मेन स्विच.

व्यवस्थापकाने विनवलं, मग आवाज चढवला, मग दुसरा वायरमन बोलावतो म्हणाला. ह्याने खुशाल बोलवा म्हणून सांगितलं, पण किल्ली काही खिशाबाहेर आली नाही. धाकट्याला खाली बसवून, डोक्यावर टॉर्च धरून, नवा प्लग त्याच्याच हातून बसवून घेतला. स्क्रू ढिला राहिला तेव्हा पुन्हा खोलायला लावला. सगळे आवाज एकत्र करणारा मिक्सर हॉलच्या मागच्या सॉकेटवर, अ‍ॅम्प पुढच्या सॉकेटवर, दोघांची अर्थिंग दोन वाटांनी गेलेली, आणि दोघांना जोडणाऱ्या केबलमुळे त्यांचं एक कडं तयार झालेलं. पिन असली की त्या कड्यात वीज फिरायची, तीच घूं घूं करायची. ह्याने जाड केबल ओढून मिक्सरही रंगमंचाच्याच बोर्डावर आणला. माईकची वायर दिव्यांच्या वायरीबरोबर एका गठ्ठ्यात बांधलेली, ती सोडवून हातभर लांब टाकली. मग कुलूप काढून स्विच वर केला. मीटरने मोजलं, काटा हलला नाही. तरी आधी स्वतः गिटार धरून माईकला ओठ टेकवले, आणि मगच भाचीला हाक मारली. स्पीकर चिडीचूप होते.

कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला आणि पोरगी झकास गायली. लोक पांगल्यावर धाकटा वायरी गुंडाळत जवळ आला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. “दादा, भाचीसमोर, सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस,” तो म्हणाला. “बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर?”

थोरला मीटरची वायर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “बाजूला घेऊन गेल्या वर्षी सांगितलं, त्याच्या आदल्या वर्षीही सांगितलं. तू मान डोलावलीस आणि पक्कड खिशात घातलीस. तुझे आणखी सात अ‍ॅम्प भाड्याने फिरतायत, आणि प्रत्येकापुढे कुणाची ना कुणाची भाची उभी राहते. ते सातही माझ्यासमोर आण, एकेकाची पिन बसव. तोवर मला दादा म्हणू नकोस. वायरमन म्हण.”