हेडऑफिस घरी बसलं तो आठवडा

शनिवारी सकाळी आमच्या घरात एका मोज्यावरून रण माजलं होतं. लेकीचा मोजा सापडत नव्हता, गॅसवर दूध वर येत होतं, आणि सासूबाई खिडकीतल्या खुर्चीतून मोजा कुठेकुठे असू शकेल ते सांगत होत्या. खुर्ची मात्र सोडत नव्हत्या. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणी तळहाताने दार बडवलं, की काहीतरी बिनसलंय हे उघडायच्या आधीच कळतं.

दारात समोरच्या घरातले भावजी उभे होते. एरवी यांच्या शर्टाला शोधून सुरकुती सापडायची नाही. आज बटणं एक घर चुकून लागली होती आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

"वहिनी, माझा फोन द्या," ते म्हणाले.

सोमवारी याच भावजींनी तो फोन माझ्या हातात देऊन बजावलं होतं, की मी हातापाया पडलो तरी शनिवारी संध्याकाळपर्यंत देऊ नका.

हे काय प्रकरण ते आधी सांगायला हवं. भावजी हॉस्पिटलांच्या लाँड्रीचे मॅनेजर आहेत. शहरातल्या हॉस्पिटलांमधून मळक्या चादरी, गाऊन, टॉवेल यांचे ढीग रोज तिथे जातात आणि धुऊन, इस्त्री होऊन परत येतात. विशीत ते तिथे लागले ते रक्ताच्या चादरी वेगळ्या काढण्याच्या टेबलावर, सगळ्यांत खालच्या कामाला. वशिला कुणाचाच नव्हता, नुसता कामाचा धडाका. त्यामुळे तिथल्या प्रत्येक मशीनचा आवाज त्यांना ओळखू येतो आणि दुसऱ्या कुणी त्या मशीनला हात लावला की हे हातातलं टाकून तिथे पोचतात. घरीही तेच. इमारतीचा पाण्याचा पंप हेच चालू करणार, हेच बंद करणार. आमच्याकडे चहाला आले तरी जाताना स्वयंपाकघरात डोकावून गॅसचं बटण बघून जाणार. सासूबाईंनी त्यांचं नाव हेडऑफिस ठेवलं ते काही उगाच नाही. त्यांची बायको माझी मैत्रीण, ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. ती सांगते, लग्नानंतरच्या सहलीत हे दर थांब्याला उतरून फोनवर लाँड्रीच्या बॉयलरची खुशाली विचारायचे. तिची कधी विचारली नाही.

यंदा कंपनीने दुसरी लाँड्री काढली. तिच्यासाठी मॅनेजर हवा होता आणि दोन्हींच्या वर एक प्रमुख. मॅनेजर म्हणून भावजींच्या हाताखालच्या बाईंचं नाव निघालं आणि प्रमुख म्हणून भावजींचं. त्याआधी भावजींना प्रशिक्षणाला पाठवलं. महिनाभर ते एक जाड फाइल घेऊन यायचे आणि मला वाचून दाखवायचे, कारण मैत्रिणीला दुसऱ्या पानावर झोप लागायची. हाताखालच्या माणसाचं ऐकून कसं घ्यावं, काम सोपवल्यावर मागे मागे का फिरू नये, चूक झाली तर चारचौघांत का बोलू नये. प्रत्येक पानाला भावजी म्हणायचे, हे तर मी करतोच. मी चहा ओतत राहायची.

शेवटची परीक्षा कागदावर नव्हती. शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, आता एक आठवडा घरी बसा. लाँड्रीत पाऊल टाकायचं नाही, फोन करायचा नाही, आला तर घ्यायचा नाही. फोन चालू ठेवून तिऱ्हाइताकडे द्या, शेवटी आम्ही तपासू. बाईंनी आठवडा निभावला तर नवी लाँड्री त्यांची. तुम्ही खरोखर हात काढून घेतलात तर दोन्हींचे प्रमुख तुम्ही. नाही तर प्रमुख बाहेरून आणू.

तिऱ्हाईत म्हणजे मी. फोन साखरेच्या डब्यामागे ठेवला आणि रोज न चुकता चार्ज करत राहिले.

पहिल्या दिवशी भावजी पेपर मागायला आले आणि जाता जाता विचारलं, आला होता का? नाही म्हटल्यावर खुशीत गेले. नंतर पेचकस, मग हातोडी, मग पुन्हा तोच पेपर. आला होता का? नाही. आठवड्याच्या मधोमध त्यांनी फोन खरंच चालू आहे ना हे मला दुरून दाखवायला लावलं. काल तर चहा न पिताच कप ठेवून गेले. फोन मात्र हूं की चूं करत नव्हता.

आणि आता हे, मूठ आवळून दारात.

मी त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. तेवढ्यात मोजा सापडला, लेकीने एकाच पायात दोन चढवले होते. तिला घेऊन आमचे अहो बाहेर पडले, जाताना माझ्याकडे बघून भुवई तेवढी उडवली. घर शांत झालं तसे भावजी बोलायला लागले. मैत्रिणीने हॉस्पिटलमधून घरच्या फोनवर फोन केला होता. थिएटरच्या हिरव्या चादरींची ट्रॉली अजून आलेली नाही. एरवी उजाडतानाच येते. सकाळची ऑपरेशनं कालच्या शिल्लक साठ्यावर होतील. पण दहाच्या आत ट्रॉली आली नाही तर दुपारची सगळी पुढे ढकलणार. त्यात एका म्हाताऱ्या बाईंचं खुब्याचं ऑपरेशन होतं. आधी दोनदा ढकललेलं. बाई रात्रीपासून उपाशी होत्या.

"मोठ्या मशीनचा पट्टा तुटला असणार," भावजी म्हणाले. "महिनाभर करकरत होता. नवा पट्टा लोखंडी कपाटात आहे."

त्यांनी मूठ उघडली. कपाटाची किल्ली होती. तिचे दात तळव्यावर उमटले होते.

खिडकीतून सासूबाईंनी विचारलं, "दुसरी किल्ली असेल ना?"

"एकच आहे."

"एवढ्या मोठ्या कारखान्यात एकच? का रे?"

भावजींनी किल्ली पुन्हा मुठीत घेतली.

मी डब्यामागून फोन काढला आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. म्हटलं, त्या म्हातारीपुढे तुमची परीक्षा मोठी नाही, मी अडवणार नाही. फक्त एक सांगा. ही किल्ली तुमच्या केबिनमध्ये खिळ्याला असते, ती आपण कधी घरी आणत नाही, हे तुम्हीच मला कितीदा सांगितलंय. मग आली कशी?

"घाईत खिशात राहिली."

मी दुधावर झाकण ठेवलं, ओटा पुसला. घाईत काही विसरणारा माणूस मी ओळखते, रोज दोन वागवते. हे त्यातले नव्हेत. भावजी माझ्याकडे बघत नव्हते, फोनकडे बघत होते, आणि भिंतीवरचं घड्याळ नको इतकं ऐकू येत होतं.

"सुट्टीच्या आदल्या दिवशी निघताना मीच खिळ्यावरून काढली," शेवटी ते म्हणाले. "वाटलं, एकदा तरी बाईंना मला फोन करावा लागेल."

भावजींचा हात फोनपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"पण अजून केला का नाही हो बाईंनी? पट्टा तुटलाय, कपाट बंद आहे, आणि माझी आठवणही होत नाही?"

ते त्या म्हातारीसाठी कासावीस झाले होते की स्वतःसाठी, हे मला कळेना. बहुतेक त्यांनाही कळत नसावं. पण वेळ चालली होती. मी म्हटलं, फोन करायला बंदी तुम्हाला, जायला बंदी तुम्हाला, मला कसलीच नाही. द्या ती किल्ली इकडे. आणि ओला हात ओढणीला पुसून स्कूटरची चावी उचलली.

"हेडऑफिस, तू इथंच बसायचं," मागून सासूबाईंचा आवाज आला. "पंपाकडे सुद्धा जायचं नाही."

त्या दिवशी एकूण एक सिग्नल मला लाल मिळाला. किल्ली पडेल म्हणून मी ती मुठीतच धरली होती, म्हणजे तिचे दात आता माझ्या हातावर. पट्टा बसवायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक नव्हतं. मग धुणं, वाळवणं, इस्त्री. एकसारखी ती म्हातारी डोळ्यांपुढे येत होती, कोरड्या ओठांची, दाराकडे बघत पडलेली.

लाँड्रीत मी पहिल्यांदाच गेले. आत शिरल्याबरोबर गरम वाफ आणि साबणाचा वास तोंडावर आला. आवाज तर असा की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये. आणि जिकडेतिकडे भावजींच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. विचारल्याशिवाय हात लावू नये. बॉयलरवर होती, बटणांच्या फळीवर होती, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवरही होती. टाकीवरच्या चिठ्ठीखाली कुणीतरी पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, कोणाला?

केबिनमध्ये खुर्ची लख्ख पुसलेली होती, बसलेलं कुणी नव्हतं. खिळा रिकामा. त्याच्याशेजारी लोखंडी कपाट सताड उघडं, आणि कापलेलं कुलूप जमिनीवर पडलेलं.

पलीकडे मोठं मशीन फिरत होतं. इस्त्रीच्या रोलरमधून हिरव्या चादरी एकामागून एक येत होत्या आणि दोन्ही बाजूंच्या बायका त्या घडी करत होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मधोमध उभ्या होत्या त्या भावजींच्या असिस्टंट बाई. कोपरापर्यंत काळं ग्रीस, केस सुटलेले. या बाईंबद्दल मी वर्षानुवर्षं एकच ऐकलं होतं, कामाला चांगल्या आहेत पण ठरवायची वेळ आली की घाबरतात. त्यांनी माझ्याकडे नुसतं एकदा पाहिलं आणि पुन्हा गठ्ठ्यांकडे वळल्या. एक ओली घडी त्यांनी बाजूला काढली, परत रोलरवर पाठवली. एवढ्या घाईत. भिंतीवरचा काटा दहाकडे सरकत होता आणि मी मुठीत किल्ली धरून वेड्यासारखी उभी होते. ट्रॉली भरली, गाडीत चढली, गाडी फाटकाबाहेर पडली. मग बाईंनी भिंतीला पाठ टेकली.

मी किल्ली पुढे केली.

"साहेबांकडे होती ना?" त्या म्हणाल्या. रागावल्यासारख्या अजिबात वाटल्या नाहीत.

पहाटे पट्टा तुटला तेव्हा त्यांनी खिळा पाहिला, सगळे ड्रॉवर उपसले आणि शेवटी कटर मागवला. मग मी भावजींचा प्रश्न विचारला, फोन का नाही केला?

"करतच होते. अर्धा नंबर लावला होता. या सगळ्यांनी हात धरला माझा." बाईंनी घडी घालणाऱ्या बायकांकडे मान वळवली. "सोमवारीच ठरवलं होतं ना आम्ही. आभाळ कोसळलं तरी साहेबांना फोन करायचा नाही. ते पास व्हायला हवेत. नापास झाले तर पुन्हा इथेच येऊन आमच्या डोक्यावर मिरे वाटतील."

बायका हसल्या. बाईही हसल्या, पण हात फडक्यात गुंडाळूनच होते. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "कुलूप कापताना हे थरथरायला लागले ते अजून थांबेनात. साहेबांचं कुलूप हो."

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. आठवड्याचा अहवाल आजच मॅडमना द्यायचा होता. किल्ली सापडली नाही म्हणून कुलूप तोडलं, एवढंच लिहिणार होत्या. "तुम्हीही ती पाहिली नाहीत," असं मला सांगून आत गेल्या.

घरी आले तर भावजी त्याच खुर्चीत. समोर चहा गार झालेला. सासूबाईंनी हळूच सांगितलं, नळ ठिबकत होता तरी हा उठला नाही. ट्रॉली पोचल्याचा मैत्रिणीचा फोन आमच्याकडे येऊन गेला होता आणि दुपारची ऑपरेशनं ठरल्याप्रमाणे होणार होती. तेवढं भावजींना कळलं होतं. बाकीचं मी सांगितलं, हातचं काही न राखता. पेन्सिलीने लिहिलेलं 'कोणाला' सांगितलं, अर्धा लावलेला नंबर सांगितला, मिरेही सांगितले. मिऱ्यांवर त्यांना हसू आलं, जरा उशिराने. बाईंच्या हातांचं सांगितलं तेव्हा ते मावळलं.

मग अहवालाचं सांगितलं आणि किल्ली फोनशेजारी ठेवली.

भावजींनी शर्टाची बटणं सोडून एकेक करत नीट लावली. मॅडमना खरं कळलं तर काय होईल, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती फाइल मी नुसती ऐकली होती, त्यांनी वाचली होती.

"सापडली नाही म्हटलं, की ती बाईंच्या आठवड्यात हरवली असा अर्थ होतो," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"वहिनी, मला संध्याकाळपर्यंत बोलता येणार नाही. तुम्ही बाईंना एवढं सांगाल? किल्ली सापडली नाही असं लिहू नका. साहेबांनी घरी नेली होती, असं लिहा."