पाच पळ्या तेलाचा सौदा

हॉटेलच्या आचाऱ्याने मला फसवले. माझ्याच घरात, माझ्याच कढईत, मेहुण्यादेखत. हे आधीच लिहून ठेवतो, कारण घरात हल्ली याच्या उलट बोलले जाते.

नवी पेठेत माझे चादरी-टॉवेलचे दुकान आहे. रस्त्याकडेला गठ्ठा मांडून सुरुवात केली होती. घासाघीस करूनच इथवर आलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. दर रविवारी आम्ही नवराबायको जवळच्या एका हॉटेलात काजू करी खायचो. एका रविवारी बिलात शेंगा चटणीची दुसरी वाटी लावलेली दिसली. सोलापुरात, चटणीचे पैसे! मी मालकाला म्हटले, "उद्या ताटाखालच्या टेबलाचंही भाडं लावाल."

"शेठ, परवडत नसेल तर घरी करून खा."

"घरीच करीन, आणि ह्याहून चांगली करीन. तुमची पायरी पुन्हा चढणार नाही."

सगळे हॉटेल ऐकत होते. घरी चालत येताना बायको दोन पावले पुढेच होती. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी वैरागहून माझा भाऊ येतोय. त्याला ह्याच काजू करीचं सांगून ठेवलंय मी. आता?"

"घरी करू की."

"कोण करणार?"

"मी."

म्हणजे आता एकतर करी जमायला हवी होती, नाहीतर मेहुण्याला घेऊन तीच पायरी खाली मान घालून चढायची.

त्या हॉटेलचा आचारी दुधनीचा. टॉवेल माझ्याकडूनच नेतो. त्याच आठवड्यात तो दुकानात आला, तेव्हा मी त्याला चहा पाजून कृती विचारली. त्याने काही लपवले नाही, हे कबूल.

"कांदा उकडायचा, काजू आन् मगज बी घालून बारीक वाटायचं. कढईत पाच पळ्या तेल..."

"पाच? कांद्याला पोहायला शिकवायचंय का? दोन."

"दोनात तर्री न्हाय येत, शेठ. चार तरी घाला."

"दोन."

तो हसला. "बरं, दोन."

"परतायचं किती?"

"तेल सुटंस्तोवर. अर्धा तास धरा."

"गॅस काय फुकट येतो? दहा मिनिटं."

"कच्चं ऱ्हाईल की."

"पंधरा. आता शेवटचं."

"पंधरा तर पंधरा."

काजूच्या जागी शेंगदाण्याचा कूट चालेल का, विचारले. टॉवेल काखेत मारून उठता उठता तो म्हणाला, "निम्मा निम्मा करा."

सौदा चांगला झाला, असे मला त्या दिवशी वाटले.

रविवारी सगळे ठरल्याप्रमाणे केले. दोन पळ्या, पंधरा मिनिटे, निम्मा कूट. वरून कसुरी मेथीही चुरली. रंग आला, पण तर्री काही वर येईना. कांद्याचा उग्र वास तसाच राहिला आणि रस्सा कढईत गोळा होऊन बसला. मेहुण्याने भाकरीचा तुकडा बुडवायला घेतला, तो बुडालाच नाही.

"दाजी, पिठल्यात काजू?" तो म्हणाला. "डोकं लई चालतं बघा तुमचं!"

पुढची भाकरी त्याने बायकोने कुटलेल्या चटणीबरोबर खाल्ली. मग हात न धुताच तिला विचारले, "ताई, ते हॉटेल लांब आहे का गं?"

"चालत पाच मिनिटं."

दोघे गेले. मी घरीच राहिलो. परत आल्यावर बायको म्हणाली, "मालक विचारत होते, शेठ का नाही आले." तिला हसू येत होते की राग, मला कळले नाही.

सोमवारी मी हॉटेलच्या मागच्या दाराशी गेलो. तिकडे पायरी नाही. आचारी कांदे सोलत होता.

"मला फसवलंस."

"मी? तुमीच कमी कमी करत गेलात की."

"मग तू हो कशाला म्हणालास?"

"तुमी सोडतच न्हवता, शेठ. मला कामावर जायचं हुतं."

तेव्हापासून माझे डोके चालेनासे झाले आहे. माझ्या दुकानात गिऱ्हाईक भाव पाडते. परवडले तर मी हो म्हणतो, नाहीतर चादर घडी करून परत फळीवर ठेवतो. हो म्हटल्यावर चादर वीतभर कापून देत नाही. मग ह्याने दोन पळ्यांना हो म्हटले, म्हणजे दोनात होते असाच अर्थ ना? होत नव्हते तर उठून चालू लागायचे. मी हाक मारली असती, सगळेच मारतात.

बायको म्हणते, "अहो, तेल म्हणजे भाव नव्हे, तेल म्हणजे माल." हे मला दुपारपर्यंत पटते. संध्याकाळी पुन्हा वाटते, माल होता तर त्याने तो सोडला कसा? मी मागितला म्हणून? मी तर रोज सगळ्यांकडेच काही ना काही मागत असतो.

ते काहीही असो, त्याने उत्तर दिले पाहिजे. माझ्या स्वयंपाकघरात येऊन, बायकोसमोर, दोन पळ्यांत काजू करी करून दाखवावी. जमत नसेल तर वैरागला मेहुण्याला फोन लावून स्वतःच्या तोंडाने सांगावे की 'हो' मी म्हणालो होतो, दाजींचा दोष नाही. दोन्हींपैकी एक. आणि ह्यात मी काहीही कमी करणार नाही.