नझीहाची न दिसणारी भुकटी

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराबाहेर बशीरकाकांचा ऑलिव्हचा घाणा होता. हंगामात तिथं तेल निघे त्याहून कितीतरी जास्त काळं, उग्र वासाचं पाणी निघे. काकांची पुतणी नझीहा विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायची आणि इतकी बारीक भुकटी बनवायची, की तिचा कण बघायला भलंमोठं यंत्र लागे. तिची आई पाहुण्यांना सांगे, "पोरगी राबते हो दिवसभर, पण काय करते ते दिसत नाही."

एकदा नझीहा भुकटीची बाटली घेऊन घाण्यावर आली.

"काका, उन्हात ही पाण्यातली घाण फोडते. आणि स्वतः खर्ची पडत नाही. उत्प्रेरक म्हणतात याला."

"दुसऱ्याला कामाला लावायचं, आपण झिजायचं नाही? मग आमच्या घरी आहे की एक. तुझी काकू!"

काकू पाव तेलात बुडवत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि हे लग्नापासून उन्हात बसलेत, तरी एक डाग निघाला नाही."

अंगणातल्या टाकीत काळं पाणी पातळ करून नझीहाने भुकटी ढवळली. काही दिवसांत काळेपणा खरोखरच उतरला. पण भुकटी तळाशी बसेना. फडक्यातून गाळली, कागदातून गाळली, तरी पाणी दुधासारखं पांढरंच. प्रयोगशाळेत गरगर फिरवणाऱ्या यंत्रात ती निमूट खाली बसायची. अंगणात कुठलं आलंय यंत्र!

काकांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. "या रे, या! पोरीने काळ्याचं पांढरं केलंय. आता दही लावतो."

नझीहाही हसली, पण घरी जाताच तिने आपला शोधनिबंध काढला. त्यात एक वाक्य होतं, 'भुकटी सहज वेगळी करता येते.' ते तिने खोडलं.

मग तिने भुकटी फुटक्या कौलांवर लेपून कुंभाराकडून भाजून घेतली. भट्टी फार तापली. कण एकमेकांना चिकटून जाडजूड झाले आणि आळशीही, घाण फोडेनात. दुसऱ्या खेपेला ती स्वतः भट्टीपाशी ठाण मांडून बसली आणि कुंभाराला जाळ वाढवू दिला नाही. या वेळी लेप नीट बसला. उथळ हौदात कौलं मांडून वरून पातळ केलेलं काळं पाणी सोडलं, तेव्हा ते हळूहळू फिकट चहाच्या रंगावर आलं. वास मात्र पुरता गेला नाही.

"चहा तर चहा," काका म्हणाले. "दह्यापेक्षा बरा."

पुढल्या हंगामात दुसरे घाणेवाले हौद बघायला आले, तेव्हा काकांनी नझीहाला तोंडही उघडू दिलं नाही. तेच ऐटीत समजावत होते, "यातले कण इतके बारीक, की दिसतच नाहीत."

"दिसत नाहीत, तर आहेत कशावरून?" एकाने विचारलं.

काका त्याच्यावर डोळे वटारून म्हणाले, "आमची पोरगी सांगते म्हणून!"

नझीहा चटकन वाकली आणि नीट मांडलेली कौलं पुन्हा मांडू लागली.