पट्टीतली सुजाता

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाय. नवऱ्यालाही न्हाय, आणि त्याला माझं सगळं ठाऊक हाय असा त्याचा समज हाय! तुम्हाला सांगते. पण आधीच बजावते — मी रडणार न्हाय, आणि पाठीवरून हात फिरवायला अजिबात येऊ नका.

मी वेबसाइट बनवते. कसबा बावड्यात, घरातल्याच पुढच्या खोलीत. चांगल्या बनवते — चांगल्या कामाची लाज कशाला? कोल्हापुरातल्या एका मावशींचं वधूवर सूचक मंडळ हाय, त्यांची साइट माझीच. ती बनवली तेव्हा खेड्यात रेंजचा आनंदच होता. मुलींचा एकेक फोटो रखडत यायचा आणि पावणं वैतागून फोन बाजूला ठेवायचं.

मग मी डोकं लावलं. सगळ्या मुलींचे छोटे फोटो जोडून एकच लांब पट्टी केली. घरटी एकेक लोटा डेअरीत नेण्यापेक्षा सगळ्यांचा मिळून एक कॅन न्यावा, तसं. पट्टी फोनवर एकदाच उतरायची, आणि प्रत्येक नावाशेजारच्या चौकटीला माप दिलेलं — पट्टी वरून किती सोडून दाखवायची — म्हणून तिथं त्या मुलीचा तेवढाच तुकडा दिसायचा. पान असं झटक्यात उघडायला लागलं की मावशींनी पेढे पाठवले. ती पट्टी मला आजही आवडते. दोष तिचा नव्हता — मग कुणाचा? सांगते की.

एका मुलीचं लग्न जमलं. मावशी म्हणाल्या, काढ तिला. मी नाव काढलं, पट्टीतला फोटो कापला — आणि बाकीच्या चौकटींची मापं बदलायची राहिली. पट्टी एका फोटोनं वर सरकली. म्हणजे तिच्याखालच्या प्रत्येक नावाशेजारी पुढच्या मुलीचा चेहरा! तपासलं का? न्हाय. माझ्या हातून चुकतंय कशाला — हा माज.

मुरगूडची सुजाता त्यात सापडली. वडील म्हशी सांभाळणारे, पोरगी बी.एड. झालेली. पेठ वडगावची मंडळी तिला बघायला गेली. पोहे आले, सुजाता समोर येऊन बसली, आणि भरल्या घरात मुलाची आई ओरडली, "ही ती न्हायच! फोटोत एक दावली आन् आणून बसवली दुसरीच?" मंडळी पोहे तसेच ठेवून उठली. वडील गाडीपर्यंत हात जोडत गेले म्हणे.

मावशींचा फोन आला. "साइटवर काय घोळ न्हाय न्हवं?" फोन कानाला धरूनच मी पान उघडलं. एका नजरेत कळलं. आणि मी म्हटलं — हां, हेच ते — मी म्हटलं, "छे! त्यांनीच दुसरीचा फोटो पाठवला असंल. लोक काय काय करत्यात." फोटो थेट माझ्याकडं यायचे, पडताळणार कोण? मावशी तापल्या. असली फसवी माणसं नकोत, नाव काढ म्हणाल्या. काढलं. बाकीची मापं बिनबोभाट नीट केली. मावशींनी इतर मंडळांनाही सावध केलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या वडलांनी मला फोन केला. "ताई, आम्ही तिचाच फोटो धाडलता की वो?"

"मला आठवत न्हाय, काका," म्हटलं.

आता चेहरा बघून पोरी पसंत करणाऱ्यांना शिव्या घालू? घालीन की, घसा बसेस्तोवर घालीन. पण खोटं ते बोलले नव्हते. मलाही असंच समोर बसवून नाकारलं होतं एकदा. तिला काय झालं असंल हे मला पक्कं ठाऊक होतं — आणि ठाऊक असून मी खोटं बोलले. काम जाईल, नाव जाईल, म्हणून. पुढं तिचं कुठं जमलं की न्हाय, मी विचारलं न्हाय.

सुजाताचं नाव काढताना मी पट्टीला हात लावला नव्हता — पुन्हा सरकायला नको म्हणून. साइट अजून तीच हाय. कुणीही पान उघडलं की आख्खी पट्टी उतरते, सुजातासकट. तिला चौकट न्हाय, म्हणून दिसत कुणालाच न्हाय. चौकट परत घालायला मला चहा गार होण्याइतकाही वेळ लागणार न्हाय. फक्त आधी मावशींना खरं सांगावं लागंल.

अजून सांगितलेलं न्हाय.