झाकलेली विहीर

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत हनुमंतरावांइतकं मोठ्यानं गुपित सांगणारं माणूस दुसरं नव्हतं. आणि त्यांनी हळू का बोलावं? गल्लीत मराठी घर उरलं होतं एकच, त्यांचं. बाकी सगळे तमिळ. त्यामुळे भाजीच्या गाडीपाशी, साडीच्या दुकानात, अगदी दारात उभ्या पाहुण्यादेखत बायकोशी मराठीत बोललं की काम फत्ते. भिंतीला कान असतील, पण भिंतीला मराठी कुठं येतंय! जन्मभर बसस्टँडवर टाइमकीपरी केलेला माणूस, आवाज खणखणीत. “कमला, वांगी किडकी आहेत, चल पुढं,” हे ते भाजीवाल्याच्या डोळ्यांत डोळे घालून, गोड हसून सांगायचे.

यंदा मात्र त्यांचं हसू आटलं. पाऊस रुसलेला, कावेरीत नुसती वाळू, आणि गल्लीच्या तोंडची बोअर धापा टाकत टाकत एक दिवस गप्पच झाली. घरोघरच्या विहिरींचे तळ दिसायला लागले. एक सोडून. हनुमंतरावांच्या परसातल्या विहिरीला पाणी होतं, देवाची करणी म्हणा नाहीतर खालचा झरा म्हणा.

आणि पुढच्याच महिन्यात त्यांची एकुलती एक लेक संगीता पहिल्या बाळंतपणाला येणार होती. किती नवस झाले, किती डॉक्टर झाले, तेव्हा कुठं पोरीला दिवस गेलेले. बेंगळुरूच्या विहीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, “तुमच्याकडं पाण्याचे हाल आहेत म्हणे. नाहीतर इथंच करूं की बाळंतपण.” तेव्हापासून हनुमंतराव उठता-बसता विहिरीत डोकावत होते. पहिलटकरीण लेक माहेरी आली नाही, तर त्याला माहेर तरी कशाला म्हणायचं?

नेमका त्याच सुमाराला पाणीखात्यानं आणीबाणीचा आराखडा काढला आणि पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळाच्या मंडपात गल्लीची बैठक बोलावली. इंजिनीअर बाई आल्या, लावण्या नावाच्या, कोइंबतूरकडच्या, वयानं लहान. नकाशा पसरून तमिळमध्ये म्हणाल्या, “नवी बोअर लागेपर्यंत, ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांनी ती गल्लीला द्यावी. पंप आमचा, टाकी आमची. जबरदस्ती नाही. कुणाकडं पाणी आहे ते तुम्हीच सांगा.”

कुणी देवाकडं बघतंय, कुणी आपल्या चपलांकडं. हनुमंतरावांना ती शांतता सोसवेना. ते उठले आणि तमिळमध्ये म्हणाले, “आमची विहीर? अहो, पोंगल झालं आणि तिनं डोळे मिटले!” मग खाली बसून बायकोला मराठीत म्हणाले, “चेहरा पाड जरा. भरल्या घागरीसारखी काय बसलीस!” कमलाक्षीनं चेहरा पाडला. पुढच्या ओळीत शेजारची भुवना बसली होती, इडलीचं पीठ विकणारी. तिला एकाएकी खोकल्याची उबळ आली.

दुसऱ्या दिवशी बाई विहिरी बघायला निघणार होत्या. हनुमंतरावांनी सकाळीच विहिरीवर फळ्या टाकल्या, फळ्यांवर जुनं लुगडं अंथरलं आणि त्यावर कमलाक्षीकडून वडाम घालून घेतले, तांदळाच्या पापड्या, हिंग-मिरचीच्या. आता ओल्या वडामांना कोण हात लावील? इतक्या वडामांचं पीठ कुठल्या पाण्यात शिजलं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

घरं दाखवायला बाईंबरोबर भुवना होती. हनुमंतरावांनी आधी बाईंची परीक्षा घेतली. न जाणो, मराठी कळत असली तर? बाईंकडं बघत खणखणीत आवाजात म्हणाले, “कमला, हिच्या नाकावर माशी बसलीय बघ!” बाई ढिम्म. हनुमंतरावांचा जीव भांड्यात पडला. भुवना मात्र बाईंच्या नाकाकडं टक लावून बघत होती.

“फळ्या काढता येतील?” बाईंनी विचारलं.

“वडाम ओले आहेत हो. लेकीसाठी केलेत.”

बाईंनी वडामांकडं पाहिलं, हनुमंतरावांकडं पाहिलं. “बरं, पुढच्या बैठकीत बोलूं,” म्हणाल्या आणि निघाल्या.

हनुमंतराव जिंकले. पण घरात लढाई सुरू झाली. भुवना पलीकडच्या रस्त्यावरून भर उन्हात कमरेवर घागर घेऊन यायची. पाण्यावाचून तिचं पीठ अर्ध्यावर आलं होतं. एका संध्याकाळी परसात कमलाक्षी भडकली. “ती बाई उन्हात मरतेय, आणि मी चोरासारखी पाणी काढतेय! लाज वाटते मला. कॉफी घशाखाली उतरत नाही.”

“आणि संगीता?” हनुमंतराव ओरडले. “गल्लीनं विहीर उपसली, तर लेक तिकडंच राहील! मी नातवंडाला न्हाऊं कशानं घालूं? सांग ना!” परसाची भिंत ठेंगणी होती.

दुसऱ्या बैठकीला हनुमंतराव आले तेव्हा त्यांचा चेहरा आपोआपच पडलेला होता. रात्रभर विचार करून ठरवलं होतं, सांगून टाकायचं. उठून उभे राहिले. तमिळ सुचेना. बायकोकडं वळून मराठीत म्हणाले, “कसं सांगूं गं? तोंड राहिलं नाही मला.”

पुढच्या ओळीतून भुवना वळली आणि तमिळमध्ये म्हणाली, “सांगूं नका, मामा. पाणी आहे ते आम्हांला माहीत आहे.”

“तुला... तुला मराठी कळते?”

“लग्न होऊन आले तेव्हापासून भिंतीपलीकडून तुमचंच ऐकतेय. न कळून करते काय? सगळ्यांनाच कळते, मामा. भाजीवाल्यालासुद्धा.”

मंडप खदखदून हसला. हनुमंतरावांचे कान तापले. भुवनाच्या इडलीला ते रोज सकाळी काय काय म्हणत आले होते, ते सगळं ओळीनं आठवलं.

“मग त्या दिवशी बाईंना कुणीच का सांगितलं नाही?”

भुवनाचं हसू मावळलं. “संगीता येतेय ना, इतक्या वर्षांनी पोटुशी राहून. गल्लीनं ठरवलं होतं, बाळ महिन्याचं होईपर्यंत तुमच्या विहिरीचं नाव काढायचं नाही.”

हनुमंतराव बाईंकडं वळले. म्हणाले, “आमची विहीर लिहून घ्या. रोज पहिली घागर भुवनाची.”

“पहिली बाळंतिणीची!” मंडपातल्या बायका एका सुरात ओरडल्या. बाईंनी तसंच लिहून घेतलं.

हनुमंतराव मटकन खाली बसले आणि चारचौघांत, लहान पोरासारखे रडायला लागले. कमलाक्षी त्यांच्या कानाशी वाकून अगदी हळू, मराठीत म्हणाली, “अहो, डोळे पुसा.”

मागच्या ओळीतल्या तिघींनी एकदम आपापले रुमाल पुढं केले.