नदीकडचं गेट

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. दौंडला माझा फोटो स्टुडिओ आहे. लेन्ससमोर जे असतं तेच फिल्मवर येतं, एवढंच मला ठाऊक... आणि नेमकं तिथंच डोकं फिरलं.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. दौंडबाहेर भीमेच्या काठावर पोलादाचा कारखाना होता, बरीच वर्षं बंद. माझे वडील, आप्पा, तिथं भट्टीवर होते. कारखाना बंद पडला तरी हा माणूस रोज सकाळी भट्टीपाशी जाऊन बसायचा. शेडचा गंजका पत्रा निसटून खांद्याला टाके पडले, तरी जाणं चालूच. आई रडून थकली, मी भांडून थकलो.

"आप्पा, काय ठेवलंय हो तिथं?"

"रिलीव्हर आल्याबिगर भट्टी सोडायची न्हाई. नियम हाय."

शेवटच्या दिवशी पुढच्या पाळीला मालकानं गेटवरूनच परत पाठवलं होतं. त्यामुळं यांना सोडवायला कुणी आलंच नाही. अहो, पण त्याला किती वर्षं झाली? अशा माणसापुढं काय कपाळ फोडायचं?

एक दिवस तेच म्हणाले, "आमच्या पाळीचा भट्टीपुढं एक चांगला फोटू काढ. मग न्हाई जात."

मी लगेच कामाला लागलो. कुणी कुरकुंभच्या केमिकल कंपनीत, कुणी शिरूरला भाजी विकणारा... रविवारी सगळ्यांना गोळा केलं. भर दुपारचं ऊन. "इकडं बघा" म्हटलं, सगळ्यांनी बघितलं. व्ह्यूफाइंडरमधून मी स्वतः पाहिलं. रोल धुतला, तर प्रत्येक फ्रेममध्ये सगळ्यांच्या माना डावीकडं — नदीकडच्या गेटकडं. पाळी तिथूनच आत यायची.

वाटलं, म्हातारे चेष्टा करतायत. पुन्हा बोलावलं. कॅमेरा बदलला, रोल पुण्याच्या लॅबला दिला. तरी तेच. आप्पांचे जोडीदार किसनमामा माझ्यावरच उखडले, "आरं, तुझ्याकडं बघून मान अवघडली माझी. आन् तूच म्हंतो बघितलं न्हाई?"

आप्पांनी प्रिंट पाहिली. "न्हाई जमला," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी परत भट्टीपाशी. मी संतापून प्रिंट फाडून टाकल्या.

शेवटी आम्ही दोघंच गेलो. कॅमेरा स्टँडवर ठेवला, टायमर लावला, पळत जाऊन आप्पांशेजारी उभा राहिलो. त्यांची हनुवटी धरून तोंड लेन्सकडं वळवलं आणि क्लिक होईपर्यंत सोडलं नाही. मीही डोळे फाडून लेन्सकडंच बघत होतो. शपथेवर सांगतो.

फोटोत आप्पा सरळ लेन्सकडं बघतायत, अगदी निवांत. गेटकडं बघतोय तो मी.

"आता बरा आलाय," आप्पा म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी तिकडं पाऊलही टाकलं नाही. आईनं देवापुढं साखर ठेवली.

कुणाकडं खुलासा असेल तर सांगा, माझ्याकडं नाही. सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी मी कारखान्यात जाऊन बसतो, थोडा वेळच. बायको रोज भांडते. तिचं काहीच चुकत नाही... पण कुणी आल्याशिवाय उठवत नाही हो.